दुसरी डबी

प्रिय मोहिनी,

वही माझ्या हातात देऊन अप्पा म्हणाले, मोठ्यानं वाचा, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ द्या. मी वाचायला लागले. प्लांटच्या गेटच्या आत दोन रांगा होत्या, साठेक बायका, डोक्याला पांढऱ्या टोप्या, पायात गमबूट. तुझी आई एकटी पुढं उभी होती. तिची टोपी सोमेश्वरनं आधीच काढून घेतली होती. सोमेश्वर गेटवरचा माणूस. कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाचा वास घेणं हे त्याचं सकाळचं काम. मी वाचलं : छबुबाई सुग्रीव, लाईन दोन, राहत्या घरी मिश्री बाळगते व लावते, जोडीदारणीनं शनिवारी कळवलं. खाली सही होती. सही कुणाची ते मी वाचलं नाही. तिची जोडीदारीण कोण हे दोन्ही रांगांना माहीत होतं.

मग अप्पांनी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि तिनं उघडलं, डॉक्टरपुढं उघडतात तसं, मान थोडी वर करून. दात स्वच्छ होते. हिरड्या गुलाबी होत्या. मी तीन हातांवर उभी होते, मला दिसलं. अप्पा तर माझ्यापेक्षा जवळ होते. सोमेश्वर वाकला, त्यानं वास घेतला आणि मागं सरकला. अप्पा म्हणाले, आज घासून आली असेल. आणि मग ते रडले. हे तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांच्या ऑफिसात त्यांच्या आईचा, शांतादेवींचा फोटो आहे, कपाळावर भस्म, जबडा जाण्याच्या आधीचा फोटो. जन्मभर मिश्री लावली आणि शेवटचे चार महिने नळीनं दूध घेतलं. अप्पा म्हणाले, एक आई मला वाचवता आली नाही, तुम्ही साठ जणी आहात. खोटं रडणारा माणूस मी ओळखते. ते खोटं नव्हतं. वर्षाराणी मॅडम, त्यांच्या सूनबाई, मोबाईल घेऊन पुढं झाल्या. तुझ्या आईच्या हातात ती निळ्या झाकणाची डबी दिली आणि फोटो काढला. तो प्लांटच्या ग्रुपवर गेला आणि तिथून फिरत फिरत अंबाजोगाईला तुझ्या हॉस्टेलात पोचला. फोटोत डाव्या कडेला वहीचा एक कोपरा दिसतो. वही धरणारा हात दिसत नाही.

हे सगळं मागच्या वर्षीच्या दसऱ्यानंतरचं आहे. मी पहिल्यापासून सांगते, कारण तुला मधलंच माहीत आहे.

वडवणीच्या रस्त्याला अप्पांनी सीताफळाचा गर काढायचा प्लांट टाकला त्याला आता चौथं वर्ष. कारखाना म्हटलं की आपल्याकडे साखरेचाच, म्हणून याला सगळ्या प्लांट म्हणतात. डोंगरातून क्रेटनं सीताफळं यायची, आम्ही ती दोन हातांनी फोडायचो, गर चमच्यानं काढायचो, बिया मशीन काढायचं, आणि गर पिशव्यांतून बर्फाच्या खोलीत जायचा. बाकीचे महिने पेरू, आंबा. बोटांची कातडी काळी पडायची आणि सालटं निघायची, पण आठ तास झाले की घरी जायचं, आणि घर म्हणजे आपलंच घर, उसाच्या फडातली पाचटाची कोपी नव्हे. त्या वर्षी दिवाळीला तुमच्या घराला कुलूप लागलं नाही. तू नर्सिंगला जाणार हे त्याच वर्षी ठरलं. तुझी आई दारात बसून पायावर पाय टाकायची आणि म्हणायची, यशे, आपुन मालकिणी झालो बघ, दिवाळीला आपल्याच चुलीवर करंज्या.

तुला माहीत आहे, मी कोपीत जन्मले. चौथीपर्यंत माझी शाळा दिवाळीला संपायची आणि उन्हाळ्यात फडावरून आले की पुन्हा उघडायची. पुढं आजीकडं राहून शिकले, लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले, गल्लीतली पत्रं, नोटिसा, रेशनचे कागद मीच वाचते. पण बी.ए. होऊनही मी तीन वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडला. प्लांट आला नसता तर अजून तोडत असते. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. पुढं लागेल म्हणून लिहिते.

पहिला नियम आला तो बरोबरच होता. आत तंबाखू आणायची नाही. फळाचं काम आहे, कुणी कशाला तक्रार करावी? मग नियम आला की बाहेरही नाही. भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं : ड्युटी आठ तासांची, माणूस चोवीस तासांचा. तुझ्या आईला मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मंग रातच्याला घोरायचं का न्हाई ते बी इचारून घे त्येला. सगळ्या हसल्या. तेव्हा हसत होतो. मग सुकटीचा नियम आला. गराला वास लगेच लागतो, म्हणून कामाच्या आदल्या दिवशी घरी सुकट, बोंबील करायचे नाहीत. सुट्टी रविवारची, सोमवारी काम. एक जण म्हणाली, मंग खायाचं कवा? तुझी आई म्हणाली, सपनात खाल्लेलं चालतंय का बघ. त्यानंतर रविवारी आपल्या गल्लीत चुलीचा धूर आला की बायका दाराबाहेर येऊन वास घ्यायच्या. आधी गंमत म्हणून. नंतर कुणी गंमत म्हणून घेत नव्हतं.

कारण जोड्या झाल्या होत्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, अर्धा कोयता कुणी घेत नाही. अप्पांनी ते पाहिलेलं होतं. त्यांनी बायकांच्या जोड्या लावल्या, शेजारच्या घरांच्या. एकीची तंबाखू सापडली तर दोघी बंद. फक्त एक सूट होती : जोडीदारणीनं आधी वहीत कळवलेलं असेल तर ती राहील. माझी जोडी तुझ्या आईशी. आम्हाला ते बक्षीस वाटलं. एकाच बांधावर शेळ्या राखलेल्या आम्ही, आमची जोडी कोण मोडणार?

मिश्रीचं तुला काय सांगायचं. तंबाखूचं पान खापरीवर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, बोटानं दातांना लावायचं. फडात पहाटे तीनला उठून लावली की भूक मरते, पोट साफ होतं, डोकं उघडतं. आम्हाला ती आयांनीच लावली, न्हाण यायच्या आधी. तू पहिल्या वर्षी वॉर्डात जबडा कापलेल्या बायका पाहिल्यास आणि सुट्टीत येऊन आईला म्हणालीस, मिश्री सोड, नाहीतर माझं तोंड बघू नको. तू गेल्यावर तिनं डबी उकिरड्यावर नेऊन रिकामी केली. अप्पांच्या त्या ‘बाहेरही नाही’च्या नियमाच्या आठ महिने आधी. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं फुटायचं, पोट दगड व्हायचं. मिठानं दात घासायची आणि पदराला गाठ मारायची, दिवसाला एक. एकवीस गाठी झाल्यावर एकदम सोडल्या आणि मला म्हणाली, सुटली बघ. तिला पाहून मीही डबी टाकली. माझ्या सहा गाठी झाल्या.

तुझ्या आजीची गोष्ट वेगळी होती. मुक्ताबाईंना खाटेवरून उठता येत नव्हतं, दात एकही नव्हता, पण हिरडीला मिश्री लागल्याशिवाय त्या चहा घ्यायच्या नाहीत. दर शनिवारी तुझी आई मागच्या अंगणात खापरीवर तंबाखू भाजायची, तोंडाला पदर बांधून, स्वतः वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून. सगळ्या गल्लीला तो वास माहीत होता आणि कुणाला काही वाटत नव्हतं, म्हातारीचं आहे म्हणून. मग मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी अप्पांनी नियम वाढवला. त्यांच्या आईला मिश्री तिच्या सासूच्या डबीतून लागली होती. म्हणून : घरात तंबाखू म्हणजे तोंडात तंबाखू. आणि रविवारी घरं बघायला माणसं येतील.

दसरा झाल्यावर पहिल्याच रविवारी वर्षाराणी मॅडम आणि सोमेश्वर आपल्या गल्लीत आले तेव्हा अकरा वाजले असतील. मी तुमच्याच उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होते. तुझी आई हापशावरून पाणी घेऊन आली, हंडा कमरेवर. मॅडम चपला काढून आत गेल्या. आजीच्या पाया पडल्या. त्या चांगल्या आहेत, मोहिनी, हेच अवघड आहे. सोमेश्वरनं खाटेखालून आजीची डबी काढली, चेपलेली, अॅल्युमिनियमची. ती सगळ्यांना माहीत होती. तेवढ्यावर कदाचित भागलं असतं, मॅडम म्हणाल्या असत्या की म्हातारं माणूस आहे, अप्पांना मी सांगते. पण त्यानं पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि दुसरी डबी काढली. प्लास्टिकची, निळ्या झाकणाची, ताज्या मिश्रीनं भरलेली. मॅडमनी विचारलं, ही कुणाची? आजी म्हणाल्या, ती चेपलेली माझी. ही... आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना नीट दिसत नव्हतं असं सगळे म्हणायचे. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

माझी हाय ती, तुझी आई म्हणाली. हंडा अजून कमरेवरच होता.

मॅडमना वाईट वाटलं. म्हणाल्या, छबुबाई, तुम्ही तर सोडली होती ना, आम्ही मीटिंगमध्ये तुमचं उदाहरण देतो. न्हाई सुटली, तुझी आई म्हणाली. लई दिस धरलं, न्हाई सुटली. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. तुम्हाला माहीत होतं? मी शेंगांकडं पाहत राहिले. त्या खाली बसल्या, माझ्या बरोबरीनं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं कशाला जावं. वही उघडली. शनिवारच्या पानावर खाली जागा होती. मजकूर त्यांनीच लिहिला. पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. सही करताना तुझी आई उभी होती आणि हंड्यातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं. मग ती आत गेली आणि हंडा ठेवला.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मी भांडणाची वाट पाहत होते. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आमी आता टोळीबरूबर जाणार. म्हातारीला दोन टाइम भाकर टाकशील न्हवं? मी हो म्हणाले. ती म्हणाली, मऊ करून घाल, आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर जे झालं ते मी वर लिहिलं आहे.

त्यानंतर तू तिचा फोन घेणं बंद केलंस. ती तिकडून, फडावरून, मुकादमाच्या फोनवरून लावायची. तू उचलत नव्हतीस. पौषात आजी गेल्या. शेवटचे दोन दिवस त्यांनी भाकरीही घेतली नाही, फक्त मिश्री लाव म्हणायच्या, आणि मी माझ्या बोटानं त्यांच्या हिरडीला लावली. तू आलीस. आई आली नाही, कारण गाडी भरायची होती आणि तिकडून इकडं यायला दीड दिवस लागतो. विहारापुढं तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, मावशी, तू होतीस म्हणून आजीला कुणीतरी होतं, तिला तर तंबाखू सासूपेक्षा आणि पोरीपेक्षा मोठी. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. हाताला मिश्रीचा वास येत होता, तो तुला आला असेल तर तुला आजीचा वाटला असेल.

प्लांटमध्ये मला पुन्हा जोडी दिली नाही. वही माझ्याकडं आली. मी चांगलं वाचते, अक्षर चांगलं आहे. रोज सकाळी सोमेश्वर वास घेतो, नाव सांगतो, मी लिहिते. वर्षभरात अकरा नावं लिहिली. एकीला गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात काढलं, तिच्या नवऱ्याच्या खिशात पुडी सापडली म्हणून. तिची जोडीदारीणही गेली. तिला आधी कळवायचं सुचलं नाही. नावं लिहून झाली की मी खाली सही करते आणि आत जाते. वही ज्याच्या हातात असते त्याच्या तोंडाचा वास कुणी घेत नाही.

आता जे तुला कुणीच सांगितलेलं नाही. फाल्गुनात गाडी भरताना फळी सरकली. मोळी डोक्यावर घेऊन तुझी आई त्या फळीवरून चढत होती, तीन वेळा चढून झाली होती. ती खाली पडली आणि मोळी तिच्यावर. डावा खुबा मोडला. तिकडंच ऑपरेशन झालं, प्लेट आहे. चैत्रात तिला टेम्पोत गादीवर झोपवून आणली. तुझ्या वडिलांना तिनं शपथ घातली की पोरीला सांगायचं नाही, तिची परीक्षा आहे. परीक्षा झाली, पाऊस झाला, तरी सांगितलं नाही. आता ती काठी धरून मोरीपर्यंत जाते. पायरी चढत नाही. आणि पुढच्या रविवारी टोळी निघते. सुग्रीवभाऊ एकटे म्हणजे अर्धा कोयता. मुकादम म्हणाला, पोरगी मोठी हाय न्हवं, आणा तिला. त्यावर तुझी आई भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, तिचं नाव घेऊ नका, मी येते. बसून मोळ्या बांधीन. उभं राहून दाखवलं तिनं त्याला. मुकादम असेपर्यंत ती बसली नाही.

तुझं पत्र बुधवारी आलं. फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते असं तू वर लिहिलंस. तुझ्या आईनं ते चार दिवस उशाखाली ठेवलं आणि आज, रविवार म्हणून, मला दुपारी बोलावलं. वाच म्हणाली. मी वाचलं. आजवर मी गल्लीतली शेकड्यांनी पत्रं वाचली, एक शब्द कधी गाळला नाही. तुझ्या पत्रातली एक ओळ गाळली. कुठली ते तुला माहीत आहे, इथं पुन्हा लिहीत नाही. ती भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. म्हणाली, मधीच थांबलीस, काय व्हतं तिथं? मी म्हणाले, खाडाखोड आहे. बरं, ती म्हणाली. आता उत्तर लिही. मी सांगते तेवढंच लिही. लिही की, मोहिनी, तुझं खरं हाय. मी मिश्री लावत व्हते. चोरून लावत व्हते. आता सोडली, तुझी आण. नीट शीक. दिवाळीला येऊ नको, आमी न्हाई. पायाचं काही लिहू नको.

मी पेन खाली ठेवलं. दारात कोंबड्या होत्या, त्यांच्याकडं बघत मी म्हणाले, छबू, डबी माझी होती. ती म्हणाली, मला ठावं न्हाई का? मीच भाजली व्हती की. आणि हसली, पूर्वीसारखी, दात दाखवून. मग म्हणाली, दोघी गेलो असतो तर म्हातारीला भाकर कुणी घातली असती? एक तरी ऱ्हायली. लिही तू. मी म्हणाले, मी मोहिनीला खरं सांगते. तेव्हा ती चिडली. वर्षात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला तिनं. म्हणाली, तुला बी फडात न्यायचं व्हय मला? एका कोयत्याचं दोन करायचं? गप लिही, आणि वाचून दाखव. मी तिनं सांगितलेलं सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, तिनं खाली अंगठा दिला. तो कागद या पत्राबरोबर आहे. त्यात एकही शब्द खरा नाही, फक्त नीट शीक एवढं खरं आहे.

ती निळी डबी माझी होती, मोहिनी. माझ्या घरात भाजलं तर वास आला असता आणि माझ्या घरात म्हातारी नव्हती, म्हणून मी माझं पान तुझ्या आजीच्या पानात घालायला दिलं. सहा गाठींनंतर पुन्हा लावायला लागले होते, रात्रीची, सकाळी मिठानं घासून गेटवर जायचे, हे फक्त तुझ्या आईला माहीत होतं. ती म्हणाली होती, दे, एका खापरीत दोघींचं हुईल. तिनं सोडून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. मला परत कोपीत जायचं नव्हतं, एवढंच कारण आहे. मोठं कारण वर्षभर शोधलं, सापडलं नाही. फोनवर हे सांगता आलं असतं, पण फोनवर बोललेलं नंतर बोललेच नव्हते म्हणता येतं, आणि मी म्हटलं असतं. हा कागद आहे. खाली माझी सही आहे, त्या वहीतल्यासारखीच, कुणीही ताडून पाहावी. अप्पांना दाखव, ग्रुपवर टाक, तुझ्या हॉस्टेलात लाव. पण आधी ये. शनिवारच्या आत ये. आईनं ज्या पोरीसाठी मिश्री सोडली ती पोरगी तिला तोंड दाखवत नाही, आणि ती मोडक्या खुब्यानं पुन्हा फडात निघाली आहे, न केलेल्या गोष्टीची माफी मागून. तिला थांबवणं माझ्या हातात नाही, मी त्या हातानं सही केली आहे. तुझं ती ऐकेल. एकदा ऐकलं होतं.

तुझीच,
यशोधरा मावशी

सोमवार. आज सकाळी मी मिश्री लावून गेले. गेटवर सोमेश्वरपुढं तोंड उघडलं. त्यानं तोंड फिरवलं. मी वहीत माझं नाव लिहिलं आणि रांगेला वाचून दाखवलं. अप्पा आले. त्यांनी पान पाहिलं. सीताफळाच्या सात गाड्या उभ्या होत्या आणि बायका कमी होत्या. ते म्हणाले, हंगामापुरती वही बंद ठेवा, आणि मला म्हणाले, तोंड धुऊन आत जा. सोमेश्वरनं पान फाडलं. मी नळावर तोंड धुतलं. आठची शिट्टी झाली आणि मी आत गेले. पत्र दुपारच्या सुट्टीत वडवणीच्या पोस्टात टाकते आहे.